सोळा आण्यांचा निरोप : जुने माप सोडण्याची रीत

(स्मृतिव्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित पाठ)

१ एप्रिल १९५७ रोजी भारतीय रुपयाचे शंभर भाग झाले. त्याआधी रुपया सोळा आण्यांचा होता. आणा चार पैशांचा आणि पैसा तीन पैंचा. म्हणजे एका रुपयात ६४ पैसे किंवा १९२ पै होत. नाण्यांपाठोपाठ वजनेही बदलली. १ ऑक्टोबर १९५८पासून किलोग्रॅम टप्प्याटप्प्याने बाजारात आला आणि १ एप्रिल १९६२पासून देशभर तोलण्यासाठी तोच बंधनकारक झाला. शेर, मण आणि छटाक कायद्याच्या व्यवहारातून बाहेर गेले. १९५१च्या जनगणनेनुसार देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती. अशा देशाने रोज दहा वेळा हाताळली जाणारी, पिढ्यान्‌पिढ्या तोंडात बसलेली मोजणी पाच वर्षांत सोडली. भूतकाळ आणि जुन्या सवयी कशा सुटतात, हे तपासायला याहून मोठे उदाहरण क्वचित मिळेल.

सवय सोडवणे म्हणजे मन वळवणे, असा समज आहे. या बदलाचा इतिहास वेगळे काही शिकवतो. हातातले साधन, भाव सांगण्याची रीत आणि संक्रमणाची मुदत या तीन गोष्टी बदलल्या की सवय सुटते. यांपैकी एक जरी जुनी राहिली, तरी सवयही राहते. जुन्यामागचे शहाणपण ओळखून त्याला सन्मानाने निरोप दिला, तर लोक बदलाला आपला मानतात.

जुन्या मोजणीमागचे शहाणपण

सोळाचा हिशेब अडाणीपणातून आलेला नव्हता. तराजूला सर्वांत सोपी क्रिया म्हणजे निम्मे करणे. दोन्ही पारड्यांत सारखा माल घालून दांडी सरळ केली की वजन हाताशी नसतानाही अर्धा भाग मिळतो. शेराचा अच्छेर, अच्छेराचा पावशेर, पावशेराचा अदपाव आणि अदपावाची छटाक, असे चार वेळा निम्मे केले की सोळावा भाग हाती येतो. दहाचे मात्र एकदाच सरळ निम्मे होतात. पाचानंतर अपूर्णांक सुरू होतो. मोजण्याचे काम कागदापेक्षा हाताने जास्त होत होते, तोवर सोळाचा आकडा दहापेक्षा सोयीचा होता.

या पद्धतीने स्वतःचे गणितही घडवले होते. मराठी शाळांत साध्या पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी पाठ करून घेत. पावकीत पावाचे, पाऊणकीत पाऊणचे, औटकीत साडेतीनचे पाढे असत. ते पाठ असलेला माणूस पाटी न घेता बाजारातला हिशेब तोंडी करी. चवली, पावली, अधेली ही दोन, चार आणि आठ आण्यांची नावे त्याच साखळीतली. नाणे, वजन आणि पाढा एकाच मापात बसवलेले असल्यामुळे ही सवय पक्की होती. एक कडी बदलायची तर तिन्ही बदलाव्या लागणार होत्या.

धान्याच्या बाबतीत आणखी एक थर होता. खेड्यात धान्य तोलण्याऐवजी मापाने मोजत. कोळवे, चिपटे, मापटे, शेर, अधोली आणि पायली अशी ती चढती मापे. चार शेरांची पायली. मण किती पायल्यांचा, हे मात्र प्रांतागणिक बदले. वीस मणांची खंडी. बलुतेदाराचा वाटा, मजुराची मजुरी आणि देवाचा शिधा पायलीतच ठरत असे. ज्या घरात तराजू नव्हता तिथेही मापटे होते.

अडचण कुठे होती

याच मापांचे दोष त्यांच्या उपयोगाइतकेच खरे होते. पहिला दोष म्हणजे एकाच नावाची अनेक मापे. बंगाली मण सुमारे ३७.३ किलोग्रॅमचा होता, तर जुना मुंबई मण २८ पौंडांचा, म्हणजे सुमारे १२.७ किलोग्रॅमचा. नाव तेच आणि वजन तिसऱ्या हिश्श्याहून थोडे जास्त. ज्याला दोन्ही बाजारांची माहिती होती त्याचा फायदा होई आणि ज्याला एकच बाजार ठाऊक होता त्याचे नुकसान होई. नुकसान होणारा बहुतेक वेळा शेतकरी असे.

दुसरा दोष मापाने मोजण्यातच होता. ज्वारीची पायली आणि भाताची पायली यांचे वजन सारखे नसते. धान्य कोरडे आहे की ओलसर, माप हलवून भरले की अलगद, यावरही फरक पडतो. शीग लावून मोजायचे की सपाट, यावर तर दरवेळी घासाघीस. घेणाऱ्याने शीग लावून घ्यायचे आणि देताना माप सपाट करायचे, ही फसवणूक सोपी होती. तोलण्यात शीग नसते.

तिसरा दोष हिशेबाचा. एक रुपया ५ आणे ६ पै शेर या भावाने ३ शेर ५ छटाक माल घेतला, तर किंमत काढण्यासाठी छटाकांचे शेर, पैंचे आणे आणि आण्यांचे रुपये अशा तीन निरनिराळ्या पायऱ्या चढाव्या लागत. उत्तर येते ४ रुपये ७ आणे आणि सुमारे ३ पै. पाढे पाठ असलेल्या दुकानदाराला ते जमे. समोरच्या गिऱ्हाइकाला ते पडताळून पाहता येईलच असे नसे. रेल्वे, बँका, कारखाने आणि सरकारी खाती यांच्या वह्यांत अशा बेरजा रोज लाखोंनी होत होत्या. हाताला सोयीची पद्धत कागदावर आल्यावर ओझे झाली.

पाऊणशे वर्षांहून लांबलेला निर्णय

बदलाची गरज उशिरा कळली असे नाही. किलोग्रॅमइतका शेर धरून वजने एकसारखी करण्याचा कायदा १८७१ साली झाला होता. तो अमलात आलाच नाही. १९३९च्या कायद्याने १८० ग्रेनचा तोळा, ८० तोळ्यांचा शेर आणि ४० शेरांचा मण प्रमाण ठरवला, तरी स्थानिक मापे चालूच राहिली. दशमान पद्धतीच्या प्रसारासाठी फणींद्रनाथ सेठ यांच्या पुढाकाराने इंडियन डेसिमल सोसायटी उभी राहिली आणि तिने अनेक वर्षे लोकमत घडवले. १९४६ साली नाण्यांच्या दशमानाचे विधेयक मध्यवर्ती विधिमंडळात आले, पण त्याचा कायदा झाला नाही.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांचा या बदलाला पाठिंबा होता. संख्याशास्त्रज्ञ प्रशांतचंद्र महालनोबिस, नियोजनाच्या कामातले पीतांबर पंत आणि भारतीय मानक संस्थेचे संचालक लालचंद वर्मन यांनी त्याची आखणी केली. नाणेबदलाचा कायदा १९५५ साली आणि वजने-मापांचा कायदा डिसेंबर १९५६मध्ये झाला. यामागचा युक्तिवाद साधा होता. देशात मोठ्या प्रमाणावर कारखाने उभे राहण्याआधी हा बदल स्वस्त पडेल. यंत्रे, साचे आणि नकाशे जुन्या मापात तयार झाल्यावर तो कित्येक पटींनी महाग होईल. सवय जितकी जुनी, तितकी तिच्याभोवती जास्त गुंतवणूक साचते. सोडण्याचा निर्णय लांबवण्याची किंमत दर वर्षी वाढत जाते, हे या पिढीने नेमके ओळखले.

नाणे कसे बदलले

नव्या नाण्यांच्या रचनेत मानवी सवयीचा बारकाईने विचार झाला होता. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रुपयाला हात लावला नाही. त्याचे नाव, त्याची किंमत, पगाराचा आणि कर्जाचा आकडा तोच राहिला. बदलले ते फक्त रुपयाच्या आतले भाग. शिवाय पावली आणि अधेली यांची किंमत नव्या पद्धतीत बरोबर २५ आणि ५० पैसे येत होती. जुन्या आणि नव्या जगात ये-जा करायला हे दोन पूल आधीच तयार होते.

नव्या पैशाला जुन्या पैशापासून वेगळे ओळखता यावे म्हणून त्याला ‘नया पैसा’ म्हटले गेले. नाण्यावर नुसता आकडा न देता ‘रुपये का सौवाँ भाग’ असा खुलासाही कोरला होता. दोन, पाच आणि दहाच्या नाण्यांवरही अनुक्रमे पन्नासावा, विसावा आणि दहावा भाग असे लिहिलेले असे. अनोळखी नाणे ओळखीच्या रुपयाशी जोडून दिले होते. त्याच दिवशी, १ एप्रिल १९५७ला, टपाल खात्याने नव्या पैशांतली भारताच्या नकाशाची तिकिटे विक्रीला आणली. १ जून १९६४ रोजी ‘नया’ हे विशेषण काढून टाकले. सात वर्षांत नव्याचे नवेपण संपले होते.

अडचणी खऱ्या होत्या आणि लोकांची शंका रास्त होती. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. इतके सुटे कोणी देऊ शकत नाही. म्हणून सरकारी तक्त्यात एक आणा ६, दोन आणे १२, तीन आणे १९ आणि चार आणे २५ नवे पैसे असे धरले होते. तक्ता चोख होता, पण एकेक आणा सोळा वेळा वेगळा दिला तर त्याचे ९६ नवे पैसेच होत. रुपया एकदम मोडला तर शंभर. एका आण्याची वस्तू दुकानदाराने सात नव्या पैशांना विकली तर तो भाववाढच करत होता. ज्याची खरेदी आण्या-दोन आण्यांची, त्या गरिबालाच पूर्णांकाचा हा फटका जास्त बसतो. यावर उपाय होता तो व्यवहारातला. प्रत्येक वस्तूचे रूपांतर करत बसण्याऐवजी एकूण रकमेचे रूपांतर करायचे आणि शक्य तितक्या लवकर भावच नव्या पैशांत ठरवायचे. रूपांतराचा तक्ता जितके दिवस खिशात राहतो, तितके दिवस माणूस जुन्यातच विचार करतो.

वजने आणि बाजार

वजनांचा बदल नाण्यांहून अवघड होता. नाणी सरकारच पाडते. वजने मात्र लाखो दुकानांत विखुरलेली असतात. म्हणून कायद्याने संपूर्ण बदलासाठी दहा वर्षांपर्यंतची मुदत दिली आणि काम टप्प्यांत वाटले. आधी निवडक प्रदेश आणि उद्योग, मग उरलेला देश. नवी वजने लागू झाल्यानंतर काही काळ जुनी वापरण्याची मुभा, आणि त्या काळाला ठरलेली शेवटची तारीख. तेव्हाच्या मुंबई राज्याने त्यासाठी १९५८ साली अंमलबजावणीचा कायदा केला. निरीक्षकाने तपासून शिक्का मारलेल्या वजनांनीच तोलायचे आणि ती ठरावीक मुदतीने पुन्हा तपासून घ्यायची, हा नियम दुकानापर्यंत पोचला.

इथेही एक नैसर्गिक जवळीक मदतीला आली. ८० तोळ्यांचा शेर सुमारे ९३३ ग्रॅमचा. एक किलो म्हणजे एक शेर आणि सुमारे पावणेसहा तोळे. किलोचा भाव शेराच्या भावाहून साधारण सात टक्के जास्त असला, तरच तो रास्त. गृहिणीला स्वयंपाकाचा अंदाज फारसा बदलावा लागला नाही. धोका होता तो वेगळाच. जुन्या शेराचे वजन तसेच ठेवून त्याला किलो म्हटले, तर गिऱ्हाइकाला दर किलोमागे ६७ ग्रॅम कमी मिळणार. म्हणून जुनी वजने बाजारातून उचलून घेणे हा या बदलाचा कणा होता. जुने साधन हाताशी राहिले असते, तर नवे फक्त नावापुरते आले असते.

शेतमालाच्या घाऊक बाजारात मणाची जागा क्विंटलने घेतली. आज कांदा, सोयाबीन, कापूस यांचे भाव क्विंटलमध्येच निघतात आणि आधारभूत किंमतही क्विंटलमागेच जाहीर होते. पिकाचा अंदाज सांगणारी आणेवारी कागदोपत्री पैसेवारी झाली. ५० पैशांच्या आतली पैसेवारी म्हणजे टंचाई, हा हिशेब गावागावांत माहीत आहे. ज्या आकड्यावर शेतकऱ्याचा सारा आणि सवलत अवलंबून, तो आकडाच शंभरात आल्यावर सोळाकडे परतण्याचे कारण उरले नाही.

इतर देशांचा अनुभव

फ्रान्स हा या पद्धतीचा जनक. ७ एप्रिल १७९५च्या कायद्याने तिथे मीटर आणि ग्रॅम आले. पण पुरेशी साधने लोकांपर्यंत पोचण्याआधीच हुकूम पोचले. लोक जुनी मापे वापरत राहिले आणि १८१२ साली नेपोलियनने जुन्या नावांची, नव्या मापांशी जुळवलेली मापे पुन्हा चालू केली. त्यांत पाचशे ग्रॅमचा ‘लीव्र’ होता. अखेर १८३७चा कायदा होऊन १ जानेवारी १८४०पासून दशमान पद्धत बंधनकारक झाली. पहिल्या कायद्यापासून यशापर्यंत ४५ वर्षे गेली. त्याच क्रांतीने दिवसाचे दहा तास आणि दहा दिवसांचा आठवडाही आणला होता. दशमान घड्याळाची सक्ती १७९५मध्येच थांबली आणि १ जानेवारी १८०६पासून क्रांतीचे पंचांगही रद्द झाले. त्या पंचांगात सात दिवसांनी येणारी सुट्टी दहा दिवसांवर गेली होती. लोकांच्या हाती काही लागत नव्हते, उलट विश्रांतीच कमी झाली होती. ज्या बदलात सामान्य माणसाचा लाभ नाही, तो बदल टिकत नाही.

ब्रिटनने १५ फेब्रुवारी १९७१ रोजी पौंडाचे शंभर पेन्स केले. तयारी दीर्घ होती आणि तारीख पक्की. लोकांच्या आवडीचे जुने सहा पेन्सचे नाणे नव्या अडीच पेन्सच्या किमतीला जून १९८०पर्यंत चालू ठेवले. नाणे बदलले, पण रस्त्यावरचा मैल आणि दारूगुत्त्यातला पाइंट आजही आहेत, कारण तिथे साधन बदलले नाही. अमेरिकेने १९७५ साली कायदा केला, पण बदल ऐच्छिक ठेवला. त्यासाठी नेमलेले मंडळ १९८२ साली बंद झाले आणि देश मैल-पौंडांतच राहिला. तारीख नसलेला संकल्प फळाला येत नाही, याचा हा धडा आहे.

काय सुटले आणि काय राहिले

महाराष्ट्रात जुनी मापे कुठे टिकली हे पाहिले, की सवयीची मुळे उघडी पडतात. सात-बारा उताऱ्यावर क्षेत्र हेक्टर आणि आरमध्ये लिहिलेले असते, पण जमिनीचा सौदा गुंठ्यात आणि एकरात होतो. चाळीस गुंठ्यांचा एकर. एक गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजे सुमारे १०१ चौरस मीटर. आर १०० चौरस मीटरचा. दोन्ही जवळजवळ सारखे असल्याने आरला गुंठा म्हणून वाचले तरी लहान तुकड्यात फारसे बिघडत नाही, आणि म्हणूनच गुंठा सोडण्याची निकडही वाटत नाही. घराचे दस्त चौरस मीटरमध्ये नोंदले जातात आणि भाव चौरस फुटाला ठरतो. वाळू आणि खडी आजही ब्रासमध्ये, म्हणजे शंभर घनफुटांत येते.

ताप हे सर्वांत बोलके उदाहरण. एकाच घरात बाहेरची उष्णता सेल्सिअसमध्ये ऐकली जाते आणि मुलाचा ताप फॅरनहाइटमध्ये मोजला जातो. हवामानाचा आकडा बाहेरून येतो, म्हणून तो बदलला. तापमापी घरातच होती आणि ‘शंभरावर ताप’ ही काळजीची खूण तिच्याशी जोडलेली होती, म्हणून ती राहिली. सोन्याचा तोळा ११.६६ ग्रॅमचा होता. आज महाराष्ट्रातल्या पेढ्यांवर तो दहा ग्रॅमचा समजला जातो. नाव जुने, माप नवे, आणि त्यामुळे व्यवहारात गोंधळ नाही. कापड मीटरने विकले जाते, तरी नऊवारी साडी नऊवारीच आहे. तिथे वार हे मोजमाप उरलेले नाही. तो नेसण्याच्या परंपरेचा भाग आहे आणि तो तसाच राहण्यात कोणाचेही नुकसान नाही.

यातून एक भेद स्पष्ट होतो. फसवणूक किंवा चूक होऊ शकते तिथे जुने माप सोडणे गरजेचे. आठवण, नाते किंवा सौंदर्य असेल तिथे ते ठेवण्यात काहीच बिघडत नाही. सर्व भूतकाळ टाकून देणारा बदल लोकांना परका वाटतो आणि काहीच न सोडणारा बदल घडतच नाही.

या बदलात हानीही झाली आणि ती मान्य करणे योग्य ठरेल. पावकी-निमकी शाळांतून गेली, आणि तिच्याबरोबर अपूर्णांकांशी असलेली तोंडी ओळख गेली. पाऊण आणि सव्वा हे ज्याच्या जिभेवर होते, त्याला तीन चतुर्थांश समजावून सांगावे लागत नसे. व्यवहारासाठी हे पाढे आता लागत नाहीत. पण अपूर्णांक शिकवण्याचे साधन म्हणून त्यांचे मोल कमी झालेले नाही. जुनी पद्धत सोडताना तिने घडवलेले कौशल्य वेगळे काढून जपायला हवे होते. हे काम मागे राहिले आणि ते अजूनही करता येण्यासारखे आहे.

सोडण्याचे नियम

या साऱ्या अनुभवातून काही नियम हाती लागतात आणि ते मापांपुरते मर्यादित नाहीत. जुनी सवय ज्या कामासाठी निर्माण झाली ते काम आधी समजून घ्यावे. सर्व एकदम न बदलता काहीतरी ओळखीचे, जसा रुपया, जागेवर ठेवावे. जुने आणि नवे काही काळ शेजारी असू द्यावेत, पण त्या काळाचा शेवट आधी जाहीर करावा. साधन बदलावे, जुने वजन दुकानात ठेवून नव्या वजनाची शिकवण देऊ नये. रूपांतर एकदाच करावे आणि त्यानंतर नव्यातच विचार करावा. बदलाचा भार सर्वांत दुबळ्यावर पडत असेल, तर तो आधी उचलून घ्यावा.

दशमान पद्धतीलाही हे नियम लागू झाले आहेत. १८८९पासून किलोग्रॅम म्हणजे पॅरिसजवळ ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक दंडगोल होता. त्याची ५७ क्रमांकाची प्रत नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. शंभरहून अधिक वर्षांत मूळ दंडगोल आणि त्याच्या प्रती यांत अतिसूक्ष्म फरक पडल्याचे दिसले. शास्त्रज्ञांनी तीस वर्षांहून अधिक काळ पर्याय तपासला आणि २० मे २०१९पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लांकच्या स्थिरांकावर बसवली. नवी व्याख्या अशी जुळवली की दुकानातला कोणताही किलो हलका किंवा जड झाला नाही. आधार बदलला, विश्वास टिकला. शेरावरून किलोवर येताना भारताने हेच साधले, आणि कोणत्याही समाजाला जुने सोडून नवे स्वीकारताना हेच साधावे लागते.